जुन्या कागदाचा फोटो वाचता येईल असा कसा करायचा

माळ्यावरच्या पेटीत मोडीतलं एखादं खरेदीखत सापडतं. घरातलं कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढतं, तो व्हॉट्सॲपवरून मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जातो आणि उत्तर येतं, "अक्षर लागत नाही, नीट फोटो पाठवा." आता नीट म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. या लेखात तेवढंच सांगायचं आहे. त्यासाठी डिजिटल प्रतिमा म्हणजे काय हे थोडं समजून घ्यावं लागेल. गणित शाळेतलंच आहे, भागाकाराच्या पुढे जात नाही. संगणकावर जिम्प नावाचा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यात होतात.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

स्क्रीनवर आपल्याला कागद दिसतो, संगणकाला दिसतो तो आकड्यांचा तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने आणि प्रत्येक चौकोनात आकडा. हा चौकोन म्हणजे पिक्सेल. नुसत्या करड्या छटांचा फोटो असेल तर प्रत्येक पिक्सेलमध्ये 0 ते 255 मधला एकच आकडा असतो. 0 म्हणजे कुट्ट काळा, 255 म्हणजे पांढराशुभ्र. एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे आठ बिट दिले की 256 च वेगवेगळे आकडे मावतात, म्हणून ही मर्यादा. रंगीत फोटोत प्रत्येक पिक्सेलमध्ये असे तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही मिळून 1,67,77,216 रंग होतात.

जिम्पमध्ये फोटो उघडा, 'कलर पिकर' हे अवजार घ्या आणि कागदाच्या कोऱ्या भागावर, शाईवर, डागावर एकेकदा टिचकी मारा. तिन्ही आकडे समोर येतील. पुढे जाण्याआधी हा खेळ पाच मिनिटं तरी खेळाच. डोळ्याला 'पिवळट' वाटणारा कागद म्हणजे नक्की किती, हे एकदा आकड्यांत पाहिलं की बाकीचं सोपं जातं.

आता आकार. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर 3 कोटी 60 लाख बाइट, म्हणजे 36 एमबी. पण गॅलरीत तीच फाइल 3-5 एमबीची दिसते. उरलेलं कुठे गेलं, ते फाइल जतन करण्याच्या भागात येईल.

फोनमधून बाहेर आलेला फोटो म्हणजे 'जसंच्या तसं' असा आपला समज असतो. तो खरा नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या बिंदूंपुढे हिरवी, पाव बिंदूंपुढे लाल आणि पाव बिंदूंपुढे निळी. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट 1976 चं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे तीनपैकी दोन रंग फोन आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतो. त्यावर आणखी धार काढणं आणि दाणे पुसणं चालूच असतं. आपण हातात घेतो तो फोटो आधीच प्रक्रिया झालेला असतो. म्हणून त्यावर पुन्हा हात फिरवताना जपून.

आधी फोटो तर नीट काढा

या भागावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात, आणि नंतर संगणकाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवतात. फोटोतच जी रेघ उतरली नाही ती कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही. फार तर तिथे असावी अशी एखादी रेघ तो कल्पनेने काढून देईल, आणि ते त्याहून वाईट.

कागद खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा सपाट ठेवा. फ्लॅश बंद. संध्याकाळी काम करायचं असेल तर दोन सारखे दिवे कागदाच्या दोन्ही बाजूंना, साधारण 45 अंशांवर ठेवा. मग तुमच्या हाताची सावली पडत नाही. फोन कागदाला समांतर धरा. शक्य असेल तर दोन डब्यांवर काच किंवा पट्टी टाकून त्यावर फोन टेकवा, हाताचा कंप जातो. डिजिटल झूम वापरू नका. तो फक्त मधला तुकडा कापून ताणतो.

कागदाखाली काळा कागद ठेवा. जुना कागद पातळ असतो, मागच्या बाजूची अक्षरं पुढे झिरपल्यासारखी दिसतात. खाली पांढरं असेल तर प्रकाश आरपार जाऊन परत येतो आणि ती अक्षरं जास्तच उठून दिसतात. काळ्या पृष्ठभागावर ती बरीच दबतात. शेजारी एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे कागद केवढा होता हे फोटोतच नोंदलं जाईल.

किती बारकाई पुरेशी? छापील आणि हस्तलिखित मजकुरासाठी इंचाला 300 पिक्सेल हा रुळलेला हिशेब आहे. ए-फोर कागद 8.27 गुणिले 11.69 इंच असतो, म्हणजे 300 च्या हिशेबाने 2480 गुणिले 3508 पिक्सेल. 12 मेगापिक्सेलच्या फोनने ए-फोर आकाराचा कागद चौकटभर टिपला तर कडेची जागा सोडूनही साधारण तेवढेच पिक्सेल हाती येतात. पण मोडीतली पत्रं बऱ्याचदा लांबच लांब पट्ट्यांवर असतात. अख्खी पट्टी एका फोटोत बसवली की अक्षराच्या वाट्याला मूठभर पिक्सेल येतात. अशा वेळी तुकड्या-तुकड्यांत फोटो घ्या, आणि आधीच्या तुकड्यातल्या दोन-तीन ओळी पुढच्या तुकड्यातही येऊ द्या.

फोनमधली 'स्कॅन' करणारी ॲप या कामाला नकोत. ती वीजबिलासाठी ठीक आहेत. फोटो काढल्या काढल्या ती स्वतःच्या मनाने कागद पांढरा आणि अक्षर काळं करून टाकतात, आणि फिकट शाई त्यात बळी जाते.

आणि हो, चुरगळलेला कागद इस्त्री करू नका, फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो पुन्हा काढता येतो.

हळद, कुंकू आणि तीन रंग

आपल्याकडच्या जुन्या कागदांवर, विशेषतः वह्यांच्या पहिल्या पानांवर, हळदकुंकू हमखास असतं. त्याखालचा मजकूर कसा वाचायचा? इथे तीन आकड्यांचा खरा उपयोग होतो.

समजा कलर पिकरने असे आकडे मिळाले. कोरा कागद: लाल 225, हिरवा 205, निळा 165. शाई: 50, 45, 40. हळदीचा डाग: 220, 170, 40. कुंकवाचा डाग: 180, 40, 45. आता फक्त निळ्या रकान्याकडे पाहा. शाई 40, हळद 40, कुंकू 45. म्हणजे निळ्या रंगात पाहिलं तर डाग आणि अक्षर एकच, सगळा काळा ठिपका. फक्त लाल रकाना पाहा: कागद 225, हळद 220, कुंकू 180, शाई 50. हळद जवळजवळ गायब, कुंकू फिकट करडं आणि अक्षर ठसठशीत.

फोटो नेहमीच्या पद्धतीने 'ब्लॅक अँड व्हाइट' केला तर काय होतं? बरेच प्रोग्राम जुन्या टीव्हीच्या मानकातून आलेलं सूत्र लावतात: लालचे 0.299, हिरव्याचे 0.587 आणि निळ्याचे 0.114 भाग घेऊन बेरीज. आपला डोळा हिरव्याला जास्त दाद देतो म्हणून हिरव्याचं वजन जास्त. या सूत्राने कुंकू येतं सुमारे 82 वर आणि शाई 46 वर. दोन्ही गडद, दोन्ही जवळजवळ. माणसांच्या फोटोसाठी हे सूत्र उत्तम, आपल्या कागदासाठी नाही.

तेव्हा जिम्पमध्ये 'कलर्स' मेनूतून 'कंपोनन्ट्स' आणि त्यातलं 'एक्स्ट्रॅक्ट कंपोनन्ट' घ्या आणि लाल निवडा. मग हिरवा आणि निळाही पाहून घ्या. पिवळट-तपकिरी पाण्याचे डाग लालमध्ये हलके होतात. पण शाईच विटून तपकिरी झाली असेल तर लालमध्ये तीही पुसट होते, तिथे हिरवा किंवा निळा चांगला. जांभळ्या रबरी शिक्क्यातली अक्षरं वाचायची असतील तर हिरवा घ्या, कारण जांभळा रंग हिरवा प्रकाश शोषतो. लाल शिक्का लालमध्ये नाहीसाच होतो. एकाच कागदाच्या दोन प्रती करायला लागल्या, एक मजकुरासाठी आणि एक शिक्क्यासाठी, तर खुशाल करा.

डाग आणि सावली: भागाकाराची युक्ती

आता हाती करड्या छटांचा फोटो आहे. 'कलर्स' मेनूत 'लेव्हल्स' उघडा. डोंगरासारखा आलेख दिसेल, त्याला हिस्टोग्राम म्हणतात. डावीकडे 0, उजवीकडे 255, आणि त्या त्या छटेचे पिक्सेल किती ते उंचीवर. कागदाच्या फोटोत उजवीकडे मोठा डोंगर असतो, तो कोऱ्या कागदाचा. डावीकडे छोटा उंचवटा, तो शाईचा. दोन्हींमध्ये स्वच्छ दरी दिसली तर तुम्ही नशीबवान. त्या दरीत कुठेही रेघ मारायची, उजवीकडचं सगळं पांढरं, डावीकडचं काळं. यालाच थ्रेशोल्ड म्हणतात.

जुन्या कागदात दरी क्वचितच असते. कारण आकड्यांतच पाहू. कागदाच्या चांगल्या भागात कोरी जागा 190 आणि शाई 110 आहे. ओल लागलेल्या कोपऱ्यात कोरी जागा 105 आणि शाई 60. आता रेघ कुठे मारणार? 150 वर मारली तर ओला कोपरा अख्खा काळा, कारण तिथला कोरा कागदही 105 आहे. 100 वर मारली तर कोपरा सुधारतो, पण चांगल्या भागातली 110 ची शाई पांढरी होऊन उडून जाते. म्हणजे कागदाचा अर्धा भाग कायम हातचा जाणार. सगळ्या कागदाला एकच रेघ पुरत नाही.

पण एक गोष्ट पाहा. 110 भागिले 190 म्हणजे 0.58. 60 भागिले 105 म्हणजे 0.57. शाईचा आकडा बदलला, कागदाशी असलेलं तिचं प्रमाण बदललं नाही. ओल, सावली, खिडकीकडून येणारा कमी-जास्त उजेड, हे सगळे कागद आणि शाई दोघांनाही जवळपास सारख्याच पटीने काळवंडवतात. तेव्हा प्रत्येक पिक्सेलला त्याच्या आसपासच्या कोऱ्या कागदाच्या आकड्याने भागलं आणि 255 ने गुणलं, की कोरा कागद सगळीकडे 255 होतो आणि शाई चांगल्या भागात 148, ओल्या भागात 146. आता 200 वर रेघ मारा, दोन्हीकडचं अक्षर शाबूत.

कोऱ्या कागदाचा आकडा मात्र प्रत्येक ठिकाणी कसा कळायचा? अक्षरं विरघळून जातील इतका फोटो धूसर करून. पायऱ्या अशा:

1. 'लेअर' मेनूतून 'ड्युप्लिकेट लेअर'. आता एकावर एक दोन थर आहेत.
2. वरचा थर निवडून 'फिल्टर्स', 'ब्लर', 'गॉसियन ब्लर'. आकडा मोठा द्या. अक्षराची उंची 60 पिक्सेल असेल तर 100 किंवा त्याहून जास्त. अक्षरं पूर्ण नाहीशी व्हावीत, पण डाग आणि सावली मात्र ढगांसारखी दिसत राहावी.
3. लेअरच्या खिडकीतल्या 'मोड'मध्ये 'डिव्हाइड' निवडा. जिम्प खालच्या थराला वरच्याने भागतो.
4. 'इमेज' मेनूतून 'फ्लॅटन इमेज'.

तिसऱ्या पायरीला कागद एकदम उजळतो. ते पाहायला मजा येते, पण लगेच खूश होऊन थांबू नका. धूसर करण्याचा आकडा लहान पडला तर जाड अक्षरांची पोटं पोकळ होतात, कारण शाई स्वतःलाच कोरा कागद समजून भागली जाते. मोडीत हा धोका जास्त, कारण ओळीची शिरोरेघ आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहिलेली असतात. बोरूने ओढलेली ती लांब, जाड रेघ गॉसियनला कागदाचाच काळसर पट्टा वाटते. तसं झालं तर गॉसियनऐवजी 'मेडियन ब्लर' घ्या आणि त्यातला 'पर्सेंटाइल' 50 वरून 80-90 वर न्या. गॉसियन शेजाऱ्यांची सरासरी काढतो, त्यात शाईही मोजली जाते. मेडियन शेजाऱ्यांना लहानमोठ्या क्रमाने उभं करून त्यातला एक निवडतो. 50 म्हणजे बरोबर मधला, 85 म्हणजे उजळ बाजूचा. अक्षरांच्या गर्दीतही उजळ बाजूला उभा असतो तो कोरा कागदच. वेळ जास्त लागतो, पण निकाल बरा येतो.

यानंतर 'लेव्हल्स'मध्ये डावीकडचा त्रिकोण शाईच्या उंचवट्याच्या सुरुवातीला आणा, उजवीकडचा कागदाच्या डोंगराच्या थोडा अलीकडे. त्या दोन टोकांमधले आकडे 0 ते 255 वर ताणले जातात. ताणल्यावर हिस्टोग्राम कंगव्यासारखा विरळ दिसेल. घाबरू नका. 100 छटा 256 जागांवर पसरल्या की मध्ये फटी राहणारच. नवीन छटा त्यातून निर्माण होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

अनुस्वार वाचवा

पूर्ण काळं-पांढरं करायचं असेल तरच 'थ्रेशोल्ड'कडे जा. वाचायला बऱ्याचदा करड्या छटांची प्रतच चांगली, कारण बोरूचा दाब, पुसट शेपूट, एकावर एक गेलेल्या रेघा हे सगळं त्या छटांत असतं. रसेल किर्श यांनी 1957 साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घेतला, तेव्हा त्यांचं यंत्र प्रत्येक बिंदू फक्त काळा की पांढरा एवढंच सांगू शकत होतं. तेवढ्याने भागत नाही हे दिसल्यावर वेगवेगळ्या थ्रेशोल्डवर पुन्हा पुन्हा स्कॅन करून त्यांनी करड्या छटा मिळवल्या. तो फोटो होता 176 गुणिले 176 पिक्सेलचा. इतक्या कष्टाने मिळालेल्या छटा एका क्लिकमध्ये फेकताना दोनदा विचार करावा.

तरी करायचंच असेल तर थ्रेशोल्डच्या खिडकीत 'ऑटो' आहे. अशी रेघ आपोआप शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत नोबुयुकी ओत्सु यांची, 1979 ची: पिक्सेलचे दोन गट असे पाडायचे की प्रत्येक गट आतून शक्य तितका एकसारखा राहील. सुरुवात ऑटोने करा, मग फिकट अक्षरांवर नजर ठेवून हाताने सरकवा.

आता कागदभर बारीक काळे ठिपके उरतात. पाठ्यपुस्तकं सांगतात, लहान मेडियन लावा, ठिपके जातात. जातात खरे, पण इंग्रजी छापील मजकुरासाठी लिहिलेला हा सल्ला आपल्या लिपीत महागात पडतो. ठिपका तो ठिपका, मेडियनला अनुस्वार आणि धूळ यांत फरक कळत नाही. रुपयांचे आकडे असलेल्या कागदात एखादा बारीक फराटा उडाला तर व्यवहारच बदलतो. माझं मत स्पष्ट आहे: ठिपके राहू द्या. वाचणाऱ्याची नजर धूळ आपोआप गाळते, गेलेला अनुस्वार मात्र तिला परत आणता येत नाही. फारच त्रास होत असेल तर मेडियनची त्रिज्या 1 ठेवा आणि आधीच्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

'शार्पन'चंही तसंच. जिम्पमधलं 'अनशार्प मास्क' कडेच्या गडद बाजूला आणखी गडद आणि उजळ बाजूला आणखी उजळ करतं. थोडं लावलं तर अक्षर उठतं, जास्त लावलं तर प्रत्येक रेघेभोवती पांढरी किनार येते. आणि एआयने 'फोटो सुधारून' देणारी साधनं दस्तऐवजाला लावूच नका. चेहऱ्याच्या फोटोत त्यांनी पापणीचे चार केस कल्पनेने काढले तर बिघडत नाही. मोडीत ती अशी अक्षरं घडवतात की जी कोणी लिहिलीच नव्हती, आणि ती दिसतातही अगदी सुबक.

फाइल कशात ठेवायची

36 एमबीचे 4 एमबी होतात ते जेपेगमुळे. 1992 मध्ये ठरलेलं हे मानक फोटोचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. निसर्गदृश्यात ते खपतं. कागदावर पांढऱ्याला लागून काळी रेघ असते, तिथे मात्र अक्षराभोवती करडी धूळ उडाल्यासारखी दिसते. शिवाय फाइल बदलून पुन्हा जेपेगमध्ये जतन केली की दर वेळी थोडं आणखी जातं. म्हणून फोनमधून आलेली मूळ फाइल कधीही बदलू नका, तिची प्रत काढून त्यावर काम करा, आणि मधल्या सगळ्या टप्प्यांवर पीएनजी किंवा टिफ वापरा. यांत काहीही टाकून दिलं जात नाही. शुद्ध काळ्या-पांढऱ्या प्रतीला एका पिक्सेलला एकच बिट लागतो, तेव्हा ए-फोरचं पान मुळात 1.1 एमबीच्या आसपास आणि पीएनजीमध्ये त्याहून बरंच लहान होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून, आणखी दाबून पाठवला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला की फाइल जशी आहे तशी पोचते. साफ केलेल्या प्रतीबरोबर रंगीत मूळ फोटोही द्या. रेघ शाईची आहे की घडीची, हे अनुभवी वाचक रंग आणि कागदाचा पोत पाहूनच ठरवतो.

या सगळ्यातून एक प्रकार सुटतो: मागची शाई कागदात मुरून खरोखरच पुढे आलेली असते तेव्हा. काळा कागद खाली ठेवून ती जात नाही, भागाकाराने जात नाही, कारण आकड्यांच्या लेखी तीही शाईच. अशा वेळी दोन्ही बाजूंचे फोटो एकाच अंतरावरून घ्या, मागचा 'फ्लिप' करून आरशातल्यासारखा उलटवा आणि अर्धपारदर्शक थर म्हणून पुढच्यावर ठेवा. जी रेघ दोन्हींत एकाच जागी येते आणि मागच्या फोटोत जास्त गडद दिसते, ती मागची. मग पुढच्या बाजूच्या प्रतीत तेवढ्याच रेघा ब्रशने हलक्या करायच्या, हाताने, एकेक ओळ घेऊन.